मिठाचा रकाना

नववी ब. फळ्यावर तीन रकाने आखते:
मूलद्रव्य, संयुग, मिश्रण.
पहिल्या दोहोंवर एक कंस ओढते,
त्याच्या डोक्यावर लिहिते, शुद्ध.
तिसऱ्यावर काही लिहीत नाही.
पुस्तकात छापलेलं आहे, पोरं वाचतातच.

तांबं? पहिल्यात.
पाणी? दुसऱ्यात.
शापोरा नदीचं पाणी?
वर्ग हसतो. रुजार म्हणतो, "टीचर,
त्यात कोण कोण उतरलंय ते आधी विचारा."
आणि मागच्या बाकावरून सुलक्षा,
"मीठ?"

दुसऱ्यात, म्हणते मी. सोडियम क्लोराइड.
खडू तिथंच अडतो.

घरी, आगरवाड्यात, गुणो आगरकर
गुडघाभर चिखलात उभा असेल आत्ता.
पुनवेला त्यानं मानस उघडली होती.
आमच्याकडे बांधाच्या दाराला मानस म्हणतात,
भरतीला उघडतं, ओहोटीला मिटतं.
मनाचं मात्र असं काही ठरलेलं नाही.

पाणी एका कोंडीतून दुसरीत सोडायचं,
पहिलीत गाळ बसतो, पुढचीत चुना,
तिसरीत, वारा लागला की,
पाण्यावर साय धरते.
मग लांब दांड्याच्या फळीनं ओढायचं.
उरलेलं कडू पाणी बाहेर.
निवळणे, बाष्पीभवन, स्फटिकीभवन,
धड्यात तीन कृती, प्रत्येकी दोन गुण.
बाबांना एकाही कृतीचं नाव माहीत नाही.
जीभ लावतात आणि सांगतात, "आजून दोन दीस."

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात
दुकानदारानं मूठभर उचललं, उन्हात धरलं,
"काळपट आहे हो. पुडीतलं बघा, कसं शुद्ध."
बाबा गोणी परत घेऊन आले.
जेवताना मला विचारलं,
"तू शिकयतां न्ही? म्हजें मीठ खंयच्या घरांत?"

मी खरं सांगितलं. मला खोटं शिकवता येत नाही.
म्हटलं, मीठ संयुग,
पण तुमचं मीठ मिश्रण.
त्यात मॅग्नेशियम आहे, कॅल्शियम आहे,
थोडी आपली माती आहे.
ते म्हणाले, "म्हणजे अशुद्ध."
आणि ताटावरून उठले.

शुद्ध हा शब्द आमच्या गावात
जपून काढावा लागतो.
कुणाच्या विहिरीशी, कुणाच्या देवाशी
तो कधी काय वागला,
हे म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे.
मी मात्र तो रोज खडूनं लिहिते,
तासाला दोनदा.

कपाटात रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियम आहे.
पाण्यात टाकला की पेटतो.
क्लोरीन आम्ही दाखवत नाही, नुसता सांगतो,
हिरवट, नाकात गेला तर छाती जाळणारा.
दोघं एकत्र आले की पेजेवर भुरभुरतात.
संयुगात कुणीच पूर्वीचा राहत नाही.
मिश्रणात सगळे आपापले राहतात,
ओळख न सोडता एका गोणीत.
हे मुलांना फरक म्हणून लिहायला सांगते.
यात चांगलं कोण, असा प्रश्न
परीक्षेत येत नाही.

एप्रिलात आईनं तोरं भरली होती,
एक बरणी पुडीतल्या मिठाची, माझ्या हट्टानं,
एक घरच्या.
पावसाळ्यात उघडली तेव्हा
पुडीतली तोरं पिचकून चिखल,
घरची अजून दातांखाली करकरत होती.
कॅल्शियम, मी पुटपुटले.
आई म्हणाली, "तें कितें तें, पुण घरचें."

सुलक्षा अजून वही उघडी धरून थांबलीय.
घंटा व्हायला चार मिनिटं.
मी डस्टर उचलते,
"शुद्ध" पुसते,
हाताला पांढरी भुकटी लागते,
आणि म्हणते, कुठलं मीठ ते आधी सांग.

"टीचर," रुजार विचारतो,
"मग गुण कसे मिळणार?"