आक्षेप निरंक

शनिवारी राजारामपुरीत, आठव्या गल्लीतल्या हॉलमध्ये
मिठारी सर जुने कृष्णधवल सिनेमे दाखवतात.
लोखंडी खुर्च्या, बावीस माणसं, त्यातली सहा झोपलेली.
मी दिवस बुडायच्या आत जेवून येतो.
अंधारात जीव मरतात नकळत,
म्हणून आमच्यात रात्री जेवत नाहीत.

पडद्यावरचा तो
विम्यातला, नाहीतर वकिलीतला,
नाहीतर कशातच धड नसलेला.
खोलीत शिरतो तेव्हा खिडकीच्या पट्ट्यांची सावली
त्याच्या अंगावर आडवी पडते
आणि आपल्याला कळतं, हा सुटायचा नाही.
त्याला आपल्या आधीच कळलेलं असतं.
तरी काडी ओढतो, कागदावर सही करतो,
बाईच्या डोळ्यांत बघतो
विहिरीत वाकून बघावं तसं.
शेवटच्या रिळात, जिन्यावर, गोळी.
पडता पडता सगळं सांगून टाकतो,
रकमेसकट, तारखेसकट.

'त्या काळी पाप्याला सोडायची मुभाच नव्हती,'
सर दिवे लावत म्हणाले.
'पण चाल बघितली का त्याची?
वसुलीला निघालेल्या माणसासारखी.
फक्त वसुली स्वतःकडूनच.'

भाचा श्रेणिक हसतो. 'मामा, जुनं झालं ते.'
त्याच्या लॅपटॉपवरचा नायक रंगीत,
भर दुपारी, काचेच्या ऑफिसात,
सावली कुठंच नाही.
खून झाल्यावर हात धुतो,
पोरीच्या गॅदरिंगला जातो,
पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो.
शेवटी गाडी सुरू होते, काच वर जाते, एवढंच.
नावं सरकत राहिली, मी थांबून राहिलो.
'ह्याला पकडत नाहीत?'
'कशाला? तो वाईट कुठाय मामा?
त्याच्याकडं कारणं हायेत की.'

कारणं.

मार्च अखेर, शाहूपुरीतली पतसंस्था.
हिरुगडे अण्णांनी चहा मागवला,
पहिला कप माझ्याकडं सरकवला.
'पुढच्या वर्षी जमवतो सगळं. तुम्ही आपलंच माणूस.'
एकोणीस कर्जदार, एकोणीस सह्या,
आणि प्रत्येक सहीतल्या 'र'ची शेपटी
त्याच एका तऱ्हेनं डावीकडं वळलेली.
मला तो 'र' दिसला होता.
चॅनेल गेटमधून उतरतं ऊन आत आलं,
अण्णांच्या पांढऱ्या शर्टावर
शंकरपाळ्यांसारख्या चौकटी पडल्या.
माझ्याही अंगावर पडल्या असतील.
मी खाली बघितलं नाही.

बायकोचं ऑपरेशन होतं, हे खरं.
त्याचे पैसे भरून झाले होते, हेही खरं.
हिरव्या शाईनं लिहिलं: आक्षेप निरंक.
घड्याळ बघितलं. दिवस बुडायला वीस मिनिटं होती.
घरी जाऊन वेळेत जेवलो.

आता संस्थेला कुलूप आहे.
कपिलतीर्थ मंडईत आक्काताई सुतार भाजी विकते,
रोजची वीस रुपयांची पिग्मी, अकरा वर्षांची.
'साहेब, अहवालावर तुमची सही बघून ठेवलं व्हतं.
मिळंल न्हवं?'
मी मेथीची जुडी घेतो, पैसे देतो.
ती वर दोन लिंबं टाकते.
नको म्हणावं तर का ते सांगावं लागेल.
घेतो.

माझ्या जिन्यावर कोणी आलं नाही.
झोप लागते. एकदा तर घोरत होतो, बायको म्हणाली.

परवा सरांनी मंडळाची वही पुढं केली.
'बाहेरचा कशाला? हिशेब तुम्हीच तपासा की.'
वर्गणी, हॉलचं भाडं, प्रोजेक्टरचा बल्ब,
शिल्लक चारशे दहा रुपये.
दोनदा बेरीज केली, मग उलटी केली.
पै न् पै बरोबर.
खाली शेऱ्याची रिकामी ओळ.
पेनाचं टोपण काढून बसलो होतो,
तेवढ्यात कोणीतरी दिवे घालवले
आणि सिनेमा सुरू झाला.