एकाच पेटीत

हा मसाई पठारावरचा, जांभ्याच्या रंगाचा,
लांब तंगड्या, विळ्यासारखे जबडे.
इतका पळतो की पळताना डोळ्यांना काही दिसेनासं होतं,
म्हणून मधेच थबकतो. मुंगी कुठंय बघतो. पुन्हा सुटतो.
बारगीर म्हणाले, आमच्या थोरल्यागत की हे.

दुसरा कळंब्याचा, निदान मी तसं धरलंय.
तेलकट काळा, कडेला इरकलीसारखा पिवळा काठ,
मागच्या पायांची वल्ही.
पंखांखाली हवेचा बुडबुडा दाबून बुडी मारतो,
बेडकीचं पिल्लू धरतो आणि सावकाश पिऊन टाकतो.
हवा संपली की उलटा वर येतो,
पाण्याच्या सायीला बूड टेकवून श्वास घेतो.
यावर बारगीर दोन दिवस हसत होते.

मग म्हणाले, दोघांत भारी कोण?
तालमीतला प्रश्न.
मी म्हटलं, गाठच पडत नाही त्यांची.
एकाला पाणी म्हणजे मरण, एकाला ऊन.
"तरी पण, पडली तर?"

पडली ती इथे. डांबरगोळीच्या वासात,
थर्माकोलवर, चार बोटांच्या अंतराने,
दोघांच्या उजव्या पंखातून एकेक टाचणी.

पठारावरच्यामागे मी तीन रविवार उन्हात रांगले.
पाण्यातला आपणहून आला,
रात्री प्रयोगशाळेच्या ट्यूबलाइटला भुलून,
नुकत्याच पुसलेल्या फरशीला तळं समजून
वरून नेम धरून आपटला.
सकाळी बारगीरांना झाडूत सापडला.

आता चिठ्ठी लिहायला बसलेत, चष्मा नाकावर.
तारीख झाली. पकडणारा: स्वतःचं नाव, ठसठशीत.
"मॅडम, ठिकाण काय घालू?
कळंबा,
का आपली फरशी?"