दोन ते चार

सलोमीबाई यायच्या मंगळवारी.
शरणपूरहून शेअर रिक्षानं शालिमार,
पुढे चालत, भद्रकाली ओलांडून आमच्या तांबट आळीत.
हातात पिशवी, पिशवीत डबा,
डब्यात मुगाची पातळ खिचडी, मीठ कमी.
ओळख म्हणाल तर
वीस वर्षांपूर्वी त्यांच्या बंबाला मी डाग दिला होता.
पैसे घेतले होते.
एवढीच.

शेवंता तेव्हा कॉटवर, खिडकीकडे तोंड करून.
केस गेलेले. डोकं घासलेल्या घंगाळासारखं,
हे तिचंच बोलणं, माझं नव्हे.
"आता आतून कल्हई तेवढी राहिली," म्हणायची
आणि हसताना खोकायची.

नातेवाईक आले होते. एकेकदा.
शहाळी, सफरचंदं, बिस्किटांचे पुडे,
आणि चपला घालताना, "काही लागलं तर सांगा."
आम्ही सांगितलं नाही,
त्यांनी पुन्हा विचारलं नाही.
कुठून कुठून माणसं येतात या गावात,
रिझर्वेशन करून, रजा टाकून,
मांडीवर अस्थींचं गाठोडं धरून.
रामकुंड रिकामं पाहिलंय कुणी?
पण जिवंत दुखणाईताकडे यायचं
तर आळीच्या या टोकापासून ते टोक
फार लांब.

बाई विचारायच्याच नाहीत, काही लागतं का.
पदर खोचून खाली बसायच्या
आणि शेवंताच्या पायांची नखं कापायच्या.
त्या औषधानं काळी पडलेली, भुसभुशीत.
पत्र्याला पत्रा बेमालूम जोडणारा माझा हात
तिच्या अंगठ्याशी आला की थरथरायचा.
बाई चष्मा नाकावर ओढून
एकेक नख असं काढायच्या
जसा तांदळातून खडा.

खरं सांगतो, पहिल्यांदा मी धास्तावलो होतो.
आता पुस्तक काढतील, आता काही सांगतील.
पुस्तक निघालं.
शेवंताचा डोळा लागल्यावर
त्यांनी ते स्वतःपुरतं वाचलं, ओठ हलवत,
मग उशाशी कालिकेच्या अंगाऱ्याची पुडी कलली होती
ती सरळ करून ठेवली,
सांडू नये म्हणून.

एकदा मीच विचारलं, बाई, का येता?
म्हणाल्या, "बरं करणं त्याच्याकडे आहे.
माझ्याकडे येणं आहे, तेवढं करते."
आणि डब्याचं झाकण नीट बसेना
त्यावरून मला बोलल्या, तांबट ना तुम्ही?

पुढे पुढे शेवंताला ठोके सोसेनात.
दुपारी प्रत्येक हातोडी कपाळातच पडायची.
मी कुणाला काय म्हणणार,
आळीचं पोट त्या ठोक्यांवर.
बाई गेल्या. दुकान ते दुकान,
वडनेऱ्यांपासून थेट कोपऱ्यापर्यंत.
काय बोलल्या, आजतागायत मला कुणी सांगितलेलं नाही.
दुसऱ्या दिवशी दोन वाजले
आणि आळी थांबली.
चारपर्यंत थांबली.
जन्म इथे गेला माझा,
आमच्या जिन्यावर पारवे घुमतात हे
मला तेव्हा कळलं.
शेवंता म्हणाली, "ऐकलंत?"
आणि झोपली.

पौषात गेली ती.
पुढच्या मंगळवारी दार वाजलं.
मी म्हटलं, बाई, आता कशाला?
त्या काही बोलल्या नाहीत, ताट मागितलं.
तीच खिचडी. पहिला घास घेतला
आणि गिळवेना मला,
मीठ बरोबर होतं.

नेलकटर आमच्याकडेच राहिलंय.
वडनेऱ्यांची सरूआई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं.
मी जातो. हात अजून थरथरतो.
म्हातारी ओरडते, "ठोकायला आलायस का कापायला?"
प्रार्थना मला येत नाही, कालिकेचं नाव घेतो,
कधी बाईंसारखे नुसतेच ओठ हलवतो.
निघताना चपला घालतो
तेव्हा एवढंच म्हणतो,
मंगळवारी येतो.