अकरा दिवस

यादी लागली तेव्हा दुपारचा एक वाजला होता.
सिव्हिल लाइन्सच्या त्या कचेरीत
शिपायाने डिंकाची बाटली उलटी धरून ठोकली
आणि साठ नावं भिंतीला चिकटवली.
साठाव्या नावाखाली जाड रेघ.
रेघेखाली प्रतीक्षा यादी.

साठावी मी, हेडाऊ मृणाली गजानन.
रेघेखाली पहिली, अन्सारी निकहत मुश्ताक.

दोघींना चौऱ्याण्णव पूर्णांक सतरा.
दोघींना गणितात शहाण्णव.
त्यात नवल नव्हतं.
पाचपावलीत आमच्या माडीवर एकच कूलर,
त्याच्यासमोर दोन सतरंज्या.
पहाटे नळ आला की एक बादली ती ओतायची, एक मी.
इंटिग्रेशन तिने मला शिकवलं,
ऑरगॅनिक मी तिला,
आणि कूलर इतका खडखडायचा
की सूत्रं आम्ही ओरडून पाठ केली.
खाली दुकानात साड्यांना फॉल लावता लावता
बाबांनाही साइन स्क्वेअर येऊ लागला,
असं आई सांगते.

मग रेघ कशी पडली?
कारकुनाने चष्मा पुसला, नियम वाचला:
गुण समान, गणित समान, तर वयाने ज्येष्ठ.
माझी एक जून.
तिची बारा.
अकरा दिवसांनी मी गुणवंत.

एक जूनला मी जन्मलेच नाही.
मारबत निघाली त्या दिवशी झाले, मेयोत.
आईला कळा आणि रस्ते बंद,
काळी-पिवळी दोन्ही बाहेर, ढोल, गर्दी,
रिक्षावाला म्हणे, "ताई, आता मारबतच नेते तुमाले."
एक जून गुरुजींनी लिहिली, पहिलीच्या प्रवेशाला.
"वय भरत नाही हो," आई म्हणाली असेल.
"भरवू," गुरुजी म्हणाले, आणि भरवलं.
मायेने, की पट टिकवायला, मला ठाऊक नाही.
निळी शाई होती. अजून फिटली नाही.

हे आई जाणते. मी जाणते.
आणि निकहत.
सहा वर्षं ती मारबतीच्या संध्याकाळी येते,
पेपरात गुंडाळून काहीतरी आणते:
क्लिपा, जुनं गाइड,
गेल्या साली कॅल्क्युलेटर, ज्याचे अर्धे पैसे
दुकानदाराकडे बाकी होते,
आणि आईच्या हातचा शिरा मागून दोनदा खाते.

यादीवर तिचं बोट सरकत गेलं,
नाव, गुण, गणित,
शेवटी शेऱ्याचा रकाना.
तिथे लिहिलं होतं, जन्मदिनांक.
बोट थांबलं.
मी बघत होते ते बोट.

"आबे, आला ना तुहा नंबर!"
म्हणाली आणि तोंडाला स्टोल बांधू लागली,
एक वेढा, दुसरा, मागे गाठ. डोळे तेवढे उरले.
आमच्या नागपुरात उन्हाळाभर सगळ्याच पोरी असं बांधतात,
त्यात वेगळं काही वाचता येत नाही.

वाटेत ती बी.एस्सी.बद्दल बोलली.
इंजिनिअरिंग काय, कुठं पळून जाते का.

आता हे स्वयंघोषणापत्र.
वर दिलेली माहिती खरी व अचूक आहे,
खोटी आढळल्यास, वगैरे.
सेतू केंद्रातला पोरगा विचारतो, "जन्मतारीख?"
मी तोंड उघडते.
त्याने टी.सी. पाहून केव्हाच टाकली.
प्रिंट निघते, गरम.
"ताई, सही."

फी अठ्ठेचाळीस हजार.
बाबा एका फॉलचे साठ रुपये घेतात.
भागाकार माझा तोंडी होतो:
आठशे साड्या.

कमाल चौकाशी सायकल थांबवून
स्टोलच्या आतून ती म्हणाली होती,
"मारबतीले येतोच मी. काकूले सांगून ठेव, शिरा."

पेन सेतूवाल्याचं, दोरीने बांधलेलं.
दोरी आखूड आहे.
सहीपर्यंत वाकावं लागतं.