जळवांची साक्ष

इथे आम्ही पाऊलखुणा शोधत नाही.
जळवा गोळा करतो.
खामफुई म्हणतो, कॅमेऱ्याला धुकं चढतं, माणूस फुशारक्या मारतो;
जळू ज्याचं रक्त प्यायली
त्याला चार महिने तरी विसरत नाही.

म्हणून ओढ्याकाठी पोटऱ्या उघड्या टाकून बसायचं.
चढलेली प्रत्येक, चावण्याआधी, चिमटीने कुपीत.
तारीख पेन्सिलीनं, शाई दमटात पसरते.

त्याच्या आईनं ते जनावर पाहिलंय,
लग्नाच्या वर्षी:
सूतकताईच्या रहाटाचे दोन खांब डोक्यावर घेऊन
कमरेएवढ्या पाण्यात उभं.
पळालं नाही, म्हणते. पाहुण्यासारखं थांबलं.
शिंगं अजून पडवीत आहेत,
त्यांवर चिकट भाताच्या टोपल्या टांगतात.
मी विचारलं, मारलं कुणी?
ती चूल फुंकत राहिली.

राजधानीतून कागद आला सव्वा वर्षानं.
तीनशे बारा कुप्या. रानडुक्कर, भेकर, साळिंदर,
एक पट्टेरी ससा, ज्याची कुणी आशाच धरली नव्हती;
ते जनावर कुठेच नाही.
आणि सत्तेचाळीस वेळा
माणूस.

खामफुई हसला, पार ठसका लागेपर्यंत.
मग म्हणाला, आपण तर दोघंच.
आणि एकीलाही चावू दिलं नव्हतं.

आज पहाटे पुन्हा निघालोय.
कुप्या कमी घेतल्यात,
सायकलच्या ब्रेकतारांचे फास कापायला
पकडी दोन.