कोरी पट्टी

लक्ष्मीपुरीत रद्दीच्या ढिगापुढं
नेमगोंडा मगदूम गुडघे टेकून बसायचा.
चित्रकथा, किलोवर.
"पोरांस्नी काय?" रद्दीवाला विचारायचा.
"न्हाई. काढलंय कुणी, बघालोय."
नाव कधीच नसायचं.
कंपनीचं असायचं. किंमत असायची, पाऊण रुपया.

मग त्यानं मासिक काढलं. तीनशे प्रती.
एकवीस अंकांना पिना मी मारल्या.
बाविसाव्याला वहिनींची पाटली गेली,
त्या एवढंच म्हणाल्या,
घोडी तरी नीट छापा.

घोडीच होती सगळी. एकाच हाताची.
शेपटीच्या फटकाऱ्यावरून माग काढत
तो गंगावेशीत पोचला,
सिनेमाचे बोर्ड रंगवून थकलेल्या
दस्तगीर मुजावरांच्या दारात.

शाहू स्मारकात प्रदर्शन लागलं.
काचेत पिवळी पानं, खाली पहिल्यांदाच नाव.
चाचा नावापाशी थांबलेच नाहीत.
चष्मा पुसला, परत लावला,
दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीवर
काचेवरून बोट टेकवलं.
"हितं घोडं पडलं हुतं.
मालक म्हणला, जागा न्हाई."

नेमगोंडानं खिशातली पेन्सिल काढून
त्यांच्या हातात दिली.
काचेची किल्ली शिपायाकडं,
आणि शिपाई चहाला गेलेला.