वीस मीटर

"वाचा बघू," म्हणाली नॉन,
फाटकापासून वीस ढांगा मोजून.
एक्याऐंशीच्या एम्रिसनं टोपी मागे सारली
आणि घडाघडा म्हटली नंबरप्लेट,
पाढ्यासारखी.

"बघ. हार्लेखचा उतार
मी डोळे मिटूनही उतरेन."
"तेच तर," ती म्हणाली.

शनिवारी त्या उतारावर
एक सायकल होती, लाल.
पोरगं गवतात उडी मारून वाचलं.
याला वाटलं, मेंढरू असेल.

नंबराबद्दल नॉन बोललीच नाही.
त्यानं म्हटलेला तो
तिच्या जुन्या गाडीचा होता,
दोन वर्षांपूर्वी विकलेल्या.

स्वयंपाकघरात किटली शिट्टी घालत राहिली.
मग त्यानं खिशातून किल्ली काढली,
ठेवली
टेबलाच्या जरा अलीकडे.
फरशीवर वाजली तेव्हा
दोघंही वाकली.